बाटलीतल्या समुद्राचा फेस

बालवाडीतला समुद्र मोठ्या बाईंचा होता. दर वर्षी समुद्र-आठवडा आला की त्या निळा घोटीव कागद, कापसाच्या लाटा आणि कागदी थाळ्यांचे मासे काढत. मासे सगळ्या मुलांचे एकसारखे व्हायचे. त्याला त्या शिस्त म्हणत.

यंदा त्यांची धाकटी जाऊ शेजारच्या वर्गावर रुजू झाली. घरी तिच्या चहाचे कौतुक होई, ते मोठ्या बाईंनी सोसले होते. शाळेत तिने परातीत वाळू ओतली, त्यात शिंपले पुरले आणि "शोधा" म्हणून मोकळी झाली. मोठ्या बाईंची अर्धी पोरे अनवाणीच तिकडे पळाली.

"राहू द्या ना ताई, खेळतील जरा."

"खेळू दे की. शिकायला माझ्याकडेच येतील."

शुक्रवारी पालकांसमोर दोन्ही वर्ग बघून पुढच्या वर्षीचा समुद्र दोघींपैकी एकीकडे सोपवायचा, असे मुख्याध्यापिकांनी ठरवले. जाऊने बाटलीत निळे पाणी भरून वर तेल ओतले. आडवी धरून डोलवली की आत संथ लाट चाले. मोठ्या बाई येता-जाता दारातून ती लाट बघून जात.

शुक्रवारी, वर्ग रिकामा पाहून त्यांनी त्या बाटलीत भांड्यांचा साबण ओतला. तेल-पाणी एक झाले की लाट मेली, असा हिशेब. तो बरोबर होता. फक्त त्यात मुले धरली नव्हती. एका चिमुरडीने पालकांदेखत बाटली गदागदा हलवली. लाट गेली, पण वर पांढराशुभ्र फेस चढला.

"आला! खरा समुद्र आला!"

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकांनी जाऊला विचारले, "फेसाचं कसं सुचलं हो?"

जाऊने टोपणाखालून ओघळलेला फेस हुंगला. लिंबाचा वास. तसला साबण शाळेत एकाच कपाटात होता, मोठ्या बाईंच्या.

"मला कुठलं सुचतंय? ही ताईंची करामत."

"मग समुद्र दोघींचा!"

घरी जाताना जाऊ म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी टोपण तरी घट्ट लावा. माझी पिशवी भिजली."

पकडले गेल्याचे मोठ्या बाईंना फारसे वाटले नव्हते. पण इतके दिलदार वागणे धाकटीला आधी सुचावे, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.