कोंडाजीच्या नावाखालचा खिळा

खोपोली रस्त्यावरच्या जितेशशेठच्या वखारीत कोंडाजी बडेकर अडतीस वर्षं करवतीवर उभा होता, आणि या अडतीस वर्षांत त्याच्या हातून एकदाही खिळा कापला गेला नव्हता. ही गोष्ट तो दहिवलीत भेटेल त्याला सांगे. ज्याने आधी ऐकली असेल त्यालाही सांगे. जुन्या घरांच्या तुळया वखारीत चिरायला येतात. त्यांच्या पोटात खिळा लपलेला असतोच, आणि तो लागला की करवतीच्या पट्ट्याचे दात गेलेच समजा. म्हणून वखारीची एक रीत होती. ज्याच्या हातून खिळा कापला जाईल त्याने तो तुकडा भिंतीवर आपल्या नावाखाली ठोकायचा आणि सगळ्यांना वडे चारायचे. सोबतच्या मंगळ्याच्या नावाखाली अकरा खिळे होते. कोंडाजीच्या नावाखाली कोरी भिंत. दर दसऱ्याला तो ती फडक्याने पुसून काढी, तीही सगळे बघत असताना.

होळीच्या सुमाराला जुनी मशीन कायमची बसली. शेठने तैवानहून नवी मागवली आणि ती खालापूरजवळ कस्टमच्या गोदामात अडकून पडली. दोन महिने झाले तरी सुटेना. "या महिन्यात आली तर आली," शेठ म्हणाला, "नाहीतर वखार बंद. रिसॉर्टवाला पार्किंगला जागा मागतोच आहे."

घरी बसलेला कोंडाजी म्हणजे विमलबाईच्या डोक्याला ताप. त्याने डुगडुगणाऱ्या स्टुलाचा एक पाय कापला, मग बाकीचे तीन त्याच्या मापाने, मग पुन्हा पहिला. स्टुलाचा पाट झाला तेव्हा त्याची नजर देव्हाऱ्याकडे वळली.

"अवो, ती मशीन तरी सोडवून आना," विमलबाई म्हणाली, "नायतर मला म्हायेरी पोचवा."

शेठचे कस्टमचे कागद नम्रता नावाची मुलगी बघायची. तिने कोंडाजीला समजावलं, की देशोदेशी फिरणाऱ्या प्रत्येक मालाला एक आकडा असतो. धातू कापणारी करवत चौऱ्यांशी एकसष्ट, दगड कापणारी चौऱ्यांशी चौसष्ट, लाकडाची चौऱ्यांशी पासष्ट. आपण लाकडाचा आकडा लिहिला, पण मशीनसोबतच्या पुस्तकात एक गोरा माणूस लोखंडी पाइप कापताना छापलाय, म्हणून कस्टमवाले तिला धातूची करवत म्हणतात.

"मंग त्या गोऱ्याला इचारा," कोंडाजी म्हणाला.

"साहेबांना मशीन चालताना बघायचीय, काका. तुम्ही चला."

कोंडाजी धुतलेला सदरा घालून, सोबत सागाची जुनी तुळई घेऊन टेंपोतून गोदामात पोचला. साहेब म्हणजे अपेक्षा मॅडम निघाल्या, वयाने त्याच्या मुलीएवढ्या. मशीन जोडून तयार होती. कोंडाजीने तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मॅडमच्या हातावर खोबरं ठेवलं. मग तुळईवरून सावकाश तळवा फिरवला. मधोमध एका जागी हात थांबला. आत खिळा होता. त्याने खडूने तिथे फुली मारली आणि फुली सोडून अलीकडून एक फळी काढून दाखवली. पट्टा असा गुणगुणत गेला, की दोन महिन्यांनी कोंडाजीच्या जिवात जीव आला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण काका, लोखंड कापणारी करवतही लाकूड कापेलच की. हिला लोखंड चालत नाही, हे मी कशावरून लिहू?"

"मी सांगतोय ना, म्याडम! अडतीस वरसं…"

"ते लिहिता येत नाही. आणि मुद्दाम लोखंड घालून मोडायची परवानगी नाही, माल सरकारच्या ताब्यात आहे." त्यांनी फाइल मिटली. "वर पाठवते. तीन-चार महिने लागतील."

तीन-चार महिने! कोंडाजीला वखारीच्या जागी उभ्या राहिलेल्या गाड्या दिसल्या आणि चारही पाय गेलेला देव्हारा दिसला. मग आपल्या नावाखालची ती कोरी भिंत दिसली. तो तुळईजवळ गेला.

"आनखी एक फळी काढतो," तो म्हणाला. "तुमी समदी जरा लांब व्हा."

त्याने अंगठ्याने फुली पुसली आणि तुळई सरळ पट्ट्यावर घातली.

मशीन किंचाळली. ठिणग्या उडाल्या, पट्ट्याचे दात तडातड गोदामाच्या पत्र्यावर जाऊन आदळले. नम्रताने कान झाकले. कोंडाजीने बटण दाबलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

मॅडमनी पंचनामा लिहून मोठ्याने वाचला: लाकूड चिरताना आतला खिळा चालकाच्या लक्षात आला नाही. खिळा लागताच पट्ट्याचे दात मोडले. या वेगात या यंत्राला लोखंड सोसत नाही. सबब यंत्र लाकडाचे, चौऱ्यांशी पासष्ट. "इथे सही करा, काका."

"लक्षात आला नाय, आसंच लिवायला पायजे का?"

"तसंच लिहावं लागेल." त्यांनी पेन पुढे केलं. "आणि अंगठा पुसून घ्या आधी. कागदाला खडू लागेल."

कोंडाजीने अंगठा सदऱ्याला पुसला आणि सही केली. मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही कधी केली नव्हती इतकी सावकाश केली.

आठवड्याभरात मशीन वखारीत उभी राहिली. पेटीत दुसरा पट्टा होता, तो चढवला. मंगळ्या हातोडी घेऊन दारातच वाट बघत होता. तीस वर्षं या दिवसाची आशा धरून होता बिचारा.

"ठोक, दादा," तो म्हणाला. "कसा काय रं सुटला तुज्या हातातनं?"

खरं सांगायला कोंडाजीच्या जिभेवर आलं होतं. पण सरकारी कागदावर सही होती. शिवाय तिकडे मशीनचा आवाज सुरू झाला होता.

"दिसला नाय रं," कोंडाजी म्हणाला. त्याने आपल्या नावाखाली खिळ्याचा तुकडा ठोकला आणि वड्यांची पिशवी मंगळ्याच्या हातात दिली.