लग्नघरचा चहा आणि राणीची गोळी

माधवनगरच्या राणीला नवरी नटवायला सांगितली, की नवरी देखणी दिसणार यात शंका नसे. शंका एवढीच, की राणी वेळेवर पोचेल का! हातात कला भरपूर, पण डोकं एका जागी ठरेल तर शपथ. पिना आणायला निघायची आणि वाटेत शेजारणीच्या मोगऱ्याला पाणी घालत बसायची. वेंधळी, हे नाव तिला शाळेपासून चिकटलेलं. पस्तिशीत सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की याला एडीएचडी म्हणतात, आणि गोळी लिहून दिली. राणी वेळेवर पोचू लागली. इतकी वर्षं फुकट बोलणी खाल्ली म्हणून एकदा ढसाढसा रडलीही.

सासू चंद्राबाईंना मात्र डोक्याची गोळी म्हणजे घराण्याला बट्टा. "कुणाला बोलू नगंस," त्यांनी बजावलं.

आणि नेमका राणीचा हात थरथरायला लागला. छाती धडधडू लागली. एका नवरीच्या डोळ्यावरची आयलायनरची रेघ पार कानाकडे निघाली. चंद्राबाईंना आयतंच कोलीत मिळालं. "गोळीनंच झालंय ह्ये. टाक उकिरड्यावर!" गोळी टाकली तर पुन्हा ती वेंधळी राणी, न टाकली तर धंदा बुडणार. राणीला काही सुचेना. शेवटी सासूलाच घेऊन ती सांगलीला गेली.

"सकाळी खाता काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काहीच न्हाई. भूकच मरती."

"आणि चहा?"

राणी बोटांवर कप मोजू लागली. लग्नघरात चहाला नाही म्हणायची सोय असते का? नवरीची आई देते, मावशी देते, करवली देते. नको म्हटलं, की "आमच्या घरचा चालत न्हाई व्हय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, गोळीही तरतरी आणते आणि चहाही. शर्यतीच्या बैलाला दोघांनी मिळून चाबूक मारला तर तो उधळणारच की. आधी पोटभर खा, मग गोळी घ्या. चहा सोडून बघा. तरीही धडधडलं तर लगेच या, पण आपल्या मनानं गोळी बंद करू नका."

पुढचं लग्न चंद्राबाईंच्या भाचीचं, सृष्टीचं. सकाळीच त्यांनी राणीपुढं भाकरी आणि अंड्याची पोळी आदळली. "आदी ह्ये गिळ." लग्नघरी तर त्या सुनेशेजारी ठाण मांडूनच बसल्या. राणीकडं आलेला प्रत्येक कप मधेच धरायच्या आणि टाकवत नाही म्हणून स्वतःच प्यायच्या. दुपारपर्यंत बाईंचे डोळे टक्क उघडे आणि तोंडाला खळ नाही.

त्यांच्या थोरल्या बहिणीला, रंगुबाईंना, हे बघवेना. "चंद्रे, सगळा च्या तूच ढोसतीस. सुनंला सासुरवास करतीस काय गं?"

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. ब्रश धरलेला राणीचा हात थांबला. आता अब्रूसाठी सासू कप पुढं करणार, हे ती समजून चुकली.

"सासुरवास न्हाई, आक्का," चंद्राबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "एडीएचडी हाय तिला. त्याची गोळी घेती, तिच्यावर च्या चालत न्हाई. त्यात लपवायचं काय? गुणाची सून हाय माझी. तिला दूध आणा."

राणीचा हात स्थिर होता, पण डोळे वाहू लागले. इतक्या माणसांत आपली बाजू कुणी घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

"रडतीस काय, खुळे?" चंद्राबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. "नवरी खोळंबलीया."