आप्पा मास्तरांचा शरभ

आज माझ्या नावापुढे बी. ए. लागते, त्याचे सर्वांत मोठे ऋण आप्पा मास्तरांचे. कडेगावच्या बाजूला आमचे गाव. घरात माझ्याआधी कोणी चौथीपुढे गेले नव्हते. मास्तर नव्या शब्दाची पाहुण्यासारखी चौकशी करत. धड्यात तसा शब्द आला की पुस्तक मिटून त्यालाच विचारत, "या. गाव कोणते तुमचे? इकडे कोणाबरोबर आलात?" आम्ही खुदखुदत असू, पण तो शब्द पुढे कधी विसरत नसू.

त्यांचा लाडका शब्द 'शरभ'. आमच्या वेशीवर तो दगडात कोरलेला होता. सिंहाचे तोंड, पाठीवर पंख, पंजाखाली इवलासा हत्ती. गाव त्याला वाघच म्हणे. मास्तर वर्गाला तिथे नेऊन सांगत, "हा वाघ नव्हे, शरभ. शरभ म्हणजे फाडणारा. आठ पायांचा. सिंहसुद्धा याला भितो."

"मास्तर, चारच हायत की!" कुंडलहून मामाकडे शिकायला आलेला गणपा ओरडला.

"उरलेले चार भिंतीच्या आत आहेत. तुझ्या अभ्यासासारखे. आहेत, पण दिसत नाहीत."

मी मॅट्रिक झालो तेव्हा महायुद्ध चालू होते. थोरला भाऊ पलटणीत होता. मीही भरती व्हावे असे वडिलांच्या मनात होते. मास्तर आपणहून घरी आले आणि याला सांगलीला कॉलेजात पाठवा म्हणाले.

"आवं मास्तर, लय शिकून काय हुतंय?" वडील म्हणाले. "तुमच्या शरभाला आट पाय, पर जाग्यावरनं हललाय व्हय कवा?"

सर्वांत मोठ्याने मास्तरच हसले. मग म्हणाले, "तो नाही हलला. ह्याला तरी हलू द्या."

वडिलांनी पानाची चंची मास्तरांपुढे सरकवली, आणि मला जायला मिळणार हे मी ओळखले.

निघताना मास्तर एवढेच म्हणाले, "तिथे मोठे कोश असतील. माझा शरभ बघ. मी चुकलो असेन तर तसे लिही. गोड लिहू नकोस."

मी बघितले, आणि लिहायला हात धजेना. मास्तर तोवर निवृत्त झाले होते, दम्याने घरीच बसून होते. अभिमानाने सांगावे असे त्यांच्याजवळ ते एक जनावर उरले होते. मी गप्प राहिलो असतो तर त्यांना कधी कळलेही नसते. महिनाभर मनात घोळवत राहिलो. अखेर पत्र टाकले. त्याचा मजकूर अजून पाठ आहे.

"तीर्थस्वरूप मास्तर यांस साष्टांग नमस्कार.

शरभ पाहिला. फाडणारा ही व्युत्पत्ती कोशात आहे, आठ पायही आहेत. हत्तीचे पिल्लू, उंट, टोळ असेही अर्थ दिले आहेत. पण मास्तर, हे सगळे मागाहूनचे. सर्वांत जुन्या ग्रंथांत शरभ म्हणजे रानातले एक हरीण. पाय, पंख, सिंहाचे तोंड त्याला पुढच्या सांगणाऱ्यांनी दिले. तो कोणाला फाडत नव्हता, गवत खात होता.

तुम्हाला वाईट वाटेल या भीतीने उशीर केला, क्षमा असावी. मला विचाराल तर ते हरीणच अधिक आवडले. डोंगरात चरताना ते कोणीतरी खरोखर पाहिले होते."