आळ्यापर्यंत गेलेलं कम्युनियन

आळेफाट्यावर कल्याणची एसटी सुटायला आली होती. दादा, म्हणजे माझे वडील, खिडकीचा गज धरून म्हणाले, "तिकडं वसईत किरिस्तावं लई. हिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली व्हती म्हनं. पानी बघून पी." आईचं सांगणं वेगळं होतं. "देव कुनाचाबी असू दे, परसादाला नाय म्हनू नको. अन् एकट्यानं खाऊ नको, घरी आन." दोघांना हो म्हणून मी निघालो. वर्तमानपत्रात उपसंपादकाची नोकरी लागली होती.

खोली मिळाली ती कार्मेलीनबाईंच्या घरात. बाई विधवा, अंगणात विहीर. पहिले तीन महिने मी पाणी विकत आणलं. त्यांनी ते पाहिलं. मी ओटीवर आलो की क्रुसाच्या खोलीचं दार त्या ओढून घेत. पेपरवाला भाडेकरू घरातलं काय छापेल, याची त्यांना खात्री नव्हती.

एका शनिवारी त्या म्हणाल्या, "उद्या चर्चमध्ये मिस्साला या. आम्ही आत काय करतो ते बघून घ्या एकदा. मग पाणी तरी प्याल."

मी गेलो. त्या गायकांमध्ये बसल्या होत्या, मी मागच्या बाकावर एकटा. प्रार्थना मराठीत होत्या. शेवटाकडे कम्युनियनसाठी लोक रांगेत उभे राहिले, मीही राहिलो. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचे शरीर." पुढचा माणूस आमेन म्हणाला होता, म्हणून मीही म्हणालो. तळहातावर पांढरी, कागदासारखी पातळ चकती आली. बाकीच्यांनी ती तिथंच तोंडात टाकली. मी कपाळाला लावली, रुमालात बांधली आणि दुपारच्या गाडीनं घरी आळ्याला नेली.

आईनं ती ताटलीत घेऊन देव्हाऱ्यापुढं ठेवली. सगळ्यांना पुरावी म्हणून ती तुकडे करणार, तेवढ्यात कार्मेलीनबाईंचा फोन आला. स्पीकर चालू होता. "रांगेतले लोक सांगतात, रुमालात नेलंत का ते? कुणी खाल्लं नाही ना? मोडू नका. फादर म्हणतात, आहे तसं परत आणा."

दादा उठून उभे राहिले. "बघा. आदी हातावर ठेवायचं, मंग इचारायचं खाल्लं का. दिलेला परसाद परत मागनारं मानूस पाह्यलंय का कुनी? कायतरी हाय त्यात." मग माझ्याकडं वळून, "तू खाल्लास का? खरं सांग. बाटला असशील तर ह्यो उंबरा परत वलांडायचा नाय."

मी नाही म्हणालो. त्यांनी रुमालाचा वास घेतला. विश्वास बसल्याचं चेहऱ्यावर दिसलं नाही. आईनं एक डबी धुऊन पुसली, चकती आत ठेवली. "परत मागत्यात म्हंजी त्यांच्या जिवाचं असंल. जा, देऊन ये."

दुसऱ्या दिवशी फादरनी आधी माझीच उलटतपासणी घेतली. कोणतं वर्तमानपत्र? कुणी सांगून पाठवलं होतं? फोटो काढला का? उत्तरं ऐकल्यावर त्यांनी चकती पाण्याच्या पेल्यात सोडली. ती विरघळेपर्यंत आम्ही बसून होतो. ते म्हणाले, आमच्यासाठी ही खूण नाही, ख्रिस्त स्वतः आहे. पहिल्या शतकांत लोक ही भाकर घरी नेत आणि सकाळी इतर काही खाण्याआधी खात. पण नेणारे बाप्तिस्मा घेतलेलेच. बाकीच्यांना मिस्सातल्या या भागाआधी बाहेर काढत, दारावर माणूस ठेवत. बाहेर अफवा अशी की आत माणसाचं मांस खातात.

"तुमची चूक फार जुनी आहे," फादर म्हणाले, "पण तेव्हाही तुम्हाला बाहेरच बसवलं असतं."

पेल्यातलं पाणी त्यांनी चर्चमागच्या झाडाच्या बुंध्याशी ओतलं. माती कोरडी होती, लगेच प्याली.

याला बरीच वर्षं झाली. मी आता विहिरीचं पाणी पितो. क्रुसाच्या खोलीचं दार उघडं असतं, पण मिस्सात रांग लागली की कार्मेलीनबाई मागं वळून माझ्याकडं बघतात. आळ्याला गेलो की दादा उंबऱ्यावरच पिशवी उघडायला लावतात. "नवीन काय आनलं नाय ना?" मग आत घेतात.

गेल्या दिवाळीत आईनं बाईंसाठी करंज्या दिल्या. बाईंनी डबा उघडला नाही. "हे मूर्तीपुढं ठेवलं होतं का? राग मानू नका. मूर्तीला दाखवलेलं आम्हाला चालत नाही. पहिल्या ख्रिस्ती मंडळींतही यावरून वाद झाले होते." मी आईला फोन करून विचारलं. ठेवलं होतं. डबा मी संपवला.

"म्हंजी तीबी तुझ्या दादावानीच भेती व्हय," आई फोनवर म्हणाली.

गावी राहिलेले आणि माझ्यासारखे निघून गेलेले, दोघंही मला विचारतात, घर आता कुठलं? यंदाच्या दिवाळीत जे पाहिलं, ते सांगतो. दादा टोमॅटो घेऊन नारायणगावला गेले होते. पहिला घाणा कढईतून निघाला. आमच्याकडं नैवेद्याआधी फराळाचा वासही कुणी मुद्दाम घेत नाही. आईनं त्या घाण्यातल्या करंज्या थेट डब्यात भरल्या आणि झाकण दाबलं.

"देवाच्या आदी काढल्यात म्हनून सांग तिला," ती म्हणाली. "दादांना बोलू नको."

मग तिनं हात धुतले आणि दुसऱ्या घाण्याचा नैवेद्य दाखवला.