पोपटाच्या अक्षरातला कुत्रा

चावऱ्या कुत्र्याची पाटी मी वेलबुट्टीच्या अक्षरात रंगवून घेतली, एवढी मी तेव्हा शहाणी होते. धाड गावात नवी सून म्हणून आले होते आणि घर सजवायची हौस उतू चालली होती.

पेंटरचं नाव मी विचारलंच नाही. ब्रश कानामागे, एक डोळा मिटलेला, आणि अक्षर संपलं की गरम चहावर घालावी तशी त्यावर फुंकर. ‘कुत्रा चावतो’ लिहिताना मी त्याला कान्याला वेल आणि मात्रेवर पोपट काढायला लावला.

"बाई, हे अक्षर बारशाले शोभते, कुल्फीच्या गाडीले तर लयच. कुत्र्याले जाड, लाल अक्षर पायजे."

"काढा म्हनलं ना मी."

रविवारी नणंदेला पाहायला पाहुणे आले. पोपटाचं कौतुक करत, न वाचताच त्यांनी फाटक उघडलं. कुत्र्यानं त्यांना फाटकाबाहेर पिटाळलं, नवऱ्या मुलाची पँट गुडघ्यापर्यंत फाटली. सोयरीक मोडलीच आता म्हणून सासूबाईंनी डोक्याला हात लावला, पण नणंदेनं हसत सुईदोरा आणून दिला आणि तिथंच जमलं.

दुसऱ्या दिवशी पेंटर पाटी बदलायला आला. "तुमच्या अक्षरानं पाहुण्यांचा घात केला," मी म्हणाले.

त्यानं शांतपणे पोपट पुसला. "अक्षरानं पाहुण्याइले आत बोलावलं, कुत्र्यानं बाहेर काढलं. दोघंबी आपापल्या कामाले पक्के हायेत, बाई."