कापलेले गुण

गणिताच्या सरांना शाळेत सगळे अंदाजेसर म्हणायचे, आणि सरांना ते मनातून आवडायचं. सराव परीक्षा झाली की सर पोराचा वर्गातला नंबर बघायचे, कान खाजवायचे आणि म्हणायचे, "याला शेवटी अठ्ठ्याहत्तर." निकालात एकोणऐंशी! लोक तोंडात बोटं घालायचे. अहो, पण यात जादू कसली डोंबलाची? सरावाचे पेपर तपासणारे हेच. ज्याच्याकडून आशा, त्याचे गुण हे मुद्दाम कापायचे. पोरं फुगली की अभ्यास सोडतात, हा त्यांचा लाडका सिद्धांत. जेवढी आशा जास्त, तेवढी कात्री मोठी. किती कापले ते डोक्यात पक्कं. मग अंदाज चुकेलच कसा?

सव्वीस वर्षं हा उद्योग चालला, कुणाला कानोकान खबर नाही. एकदाच प्रकरण अंगाशी आलं, तेही घरात. स्वतःच्या मुलाला त्यांनी सरावात एकतीस दिले. पोरगा शेवटच्या परीक्षेला बसलाच नाही. "अंदाज कळला, बाबा," एवढंच म्हणाला आणि टायरच्या दुकानात कामाला लागला. आता दुकान त्याचंच आहे. बापलेक बोलतात, पण हवापाण्याचं.

यंदा साथ पसरली आणि शेवटची परीक्षाच रद्द झाली. वरून पत्र आलं: सरावाचे गुण आणि वर्गातला नंबर बघून निकाल लावा, यादी आज चारपर्यंत पोचती करा. सरांच्या पायाखालची जमीन सरकली. सकाळपासून ते बसायचे, उठायचे, उगाच पाणी प्यायचे, पुन्हा त्याच नावावर यायचे. इस्त्रीवाल्याची मुलगी. गुण बहात्तर, नंबर नववा. नर्सिंगला हवेत ऐंशी. तिचे सरांनी अकरा कापले होते, कारण यंदा तिच्याइतकी आशा दुसऱ्या कुणाकडून नव्हती.

ती दारात येऊन उभी राहिली.

"सर, बहात्तरवर नाही ना हो घेत तिकडे?"

"बघू."

"तुमचा अंदाज काय?"

सर कान खाजवायला लागले. पोरगी निघून गेली.

तेव्हा कुठे सर उठले आणि मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले. "बाई, हे गुण खोटे आहेत."

"कुणाचे?"

"थोडेफार सगळ्यांचे. हुशारांचे जास्त."

कशासाठी कापले तेही त्यांनी सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, तुम्ही पेपर तपासता की पोरांना छळता हो? सगळे गठ्ठे आणा इथे. माझ्यासमोर एकेक पेपर पुन्हा बघायचा. आणि असं का झालं ते यादीखाली तुमच्या हातानं लिहायचं, सहीसकट."

बेचाळीस पेपर होते आणि घड्याळात पाऊण वाजला होता. सरांच्या बेरजा चुकत होत्या, बाई पुन्हा करायला लावत होत्या. इस्त्रीवाल्याची मुलगी त्र्याऐंशीवर गेली, तिसरी आली. डॉक्टरांचा मुलगा तिसऱ्यावरून पाचवा झाला. आता डॉक्टर शाळा डोक्यावर घेणार. घेऊ देत! चारला पाच कमी असताना शिपाई यादी घेऊन निघाला. मुलगी अजून जिन्यात बसून होती; सरांनी तिला तिथंच गाठलं आणि आकडा सांगितला. ती रडायलाच लागली, वेडी.

सर घरी गेले नाहीत. टायरच्या दुकानासमोर चपला घासत उभे राहिले. मुलगा पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता.

"तुझ्या त्या पेपरात पंचेचाळीस होते," सर म्हणाले. "चौदा मी कापले होते."

पाण्यात बुडबुडे आले. मुलानं त्या जागेवर बोट ठेवलं, ट्यूब बाहेर काढली, फडक्यानं पुसली. मग सरांनी न विचारताच आजचं सगळं सांगून टाकलं: पत्र, इस्त्रीवाल्याची मुलगी, बाई, सही.

"झालं का तिचं काम?" त्यानं विचारलं.

"झालं."

"बरं झालं, बाबा," मुलगा म्हणाला. "तिला वेळेवर सांगितलंत."