जरा लांबची बाग

आमच्या शिंप्याच्या दुकानात कापड मी कापतो, मशीन मालक चालवतात आणि काजं-बटणं आत्या करते. ती माझी कुणी लागत नाही. पण दिवसभर तिच्या तोंडी भावाच्या मुलांचंच कौतुक, त्यामुळे तिच्याहून वयाने मोठे असलेले मालकही तिला आत्या म्हणू लागले आणि मग गिऱ्हाइकंही. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. दुकानात माझ्या रागाला कोणी भीक घालत नाही, पण या हकिकतीत तो मधूनमधून डोकं वर काढेल. त्याला माझा इलाज नाही.

आत्याचं लग्न झालं नाही. आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग आईचं अंथरूण, मग भावाचं लग्न, आणि या सगळ्यात तिचं राहून गेलं ते राहूनच गेलं. वडील गेल्यावर राहतं घर भावाच्या नावावर झालं. "ताई, तू माझ्याकडेच राहणार आहेस. मग कागदावर दोन नावं कशाला?" असं तो म्हणाला आणि हिला ते पटलं. पटणारच. संशय अडकवायला या बाईच्या अंगात काजच नाही. घराच्या मागच्या बाजूला, जिन्याकडे खिडकी असलेली एक खोली तिच्या वाट्याला आली. त्याच खोलीत भावाची दोन्ही मुलं तिच्या कुशीत झोपून मोठी झाली. पोरगी आता दहा वर्षांची आहे आणि पोरगा सहाचा.

गेल्या वर्षभरात रविवार म्हणजे बाग, असं ठरूनच गेलं होतं. शहराच्या मधून नदी जाते आणि तिच्या दोन्ही काठांना बागा आहेत, हे मलाही ऐकून माहीत होतं. पण मी कधी गेलो नव्हतो. आत्या मात्र पोरांना घेऊन एकेक बाग पालथी घालत होती. पाट्यांवरची नावं त्यांना कामाची वाटायची नाहीत. एक होती चटक्याची बाग, कारण तिथली पत्र्याची घसरगुंडी दुपारी बूड भाजायची. एक बदकांची. एक ओरडायची बाग, ती पुलाखाली होती आणि तिथे हाक मारली की कमानीतून हाक परत यायची. सोमवारी सकाळी सुईत दोरा ओवता ओवता ती मला सगळा वृत्तांत द्यायची. कुठला झोपाळा कुरकुरतो, कुठल्या वाळूत मांजरं घाण करतात, धाकटा दोरीच्या जाळीवर कितव्या गाठीपर्यंत चढला आणि वर जाऊन कसा रडला. मी म्हणायचो, "आत्या, तुम्ही बागाखात्यात नोकरी धरा, काजं मी करतो." ती म्हणायची, "तुम्ही काज केलंत तर त्यातून बटण नाही, माणूस जाईल."

या फिरण्याला भावजयीचाही मोठा पाठिंबा. डबा तीच भरून द्यायची, ब्रेड, उकडलेली अंडी, फळं. आणि दारात म्हणायची, "ताई, आज जरा लांबची बाग बघा ना. घाई नका करू परत यायची." आत्याला वाटायचं, किती हौस आहे हिला मुलांची! बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन, तिथून काठाकाठाने चालत, ती दोघांना आणखी पुढच्या बागेत न्यायची. दिवेलागणीला परतायची तेव्हा घर लख्ख आवरलेलं असायचं. पाहुणे येऊन गेल्यासारख्या चारदोन जास्तीच्या कपबशा पालथ्या घातलेल्या असायच्या. त्या तिने पाहिल्या होत्या, पण विचारलं नाही.

मग एका सोमवारी तिने एका पुरुषाच्या शर्टाला उजव्या पट्टीवर काजं केली, बायकांच्या ब्लाऊजला करतात तशी. सगळीच्या सगळी, वरपासून खालपर्यंत. आमच्या धंद्यात ही चूक शिकाऊ पोरगंही पहिल्या महिन्यानंतर करत नाही. मालकांनी शर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि ते चहा सांगायला बाहेर गेले. मी विचारलं, "आत्या, बरं नाही का?"

तेव्हा तिने सांगितलं. आदल्या दिवशी ते एका नव्याच बागेत गेले होते, वळणावरच्या, जिथे गोल फिरणारं चक्र आहे. तिथे ओळखपाळख नसलेल्या पोरांबरोबर पकडापकडी सुरू झाली. कुणाचा तरी तीन वर्षांचा भाऊ मध्ये मध्ये लुडबुडत होता, तर मोठी पोरं म्हणाली, "त्याला लिंबूटिंबू घ्या." लिंबूटिंबू म्हणजे खेळात असून नसलेला भिडू. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याला बिचाऱ्याला वाटतं की आपणही खेळतोय. हे ऐकून धाकटा तिच्याकडे धावत आला आणि हसत म्हणाला, "आत्या, आपल्या घरात तू लिंबूटिंबू आहेस!"

तीही हसली. "कुणी रे सांगितलं?"

"बाबांनी. बाबा म्हणाले, आत्याला नव्या घराचं सांगायचं नाही, ती लिंबूटिंबू आहे."

पोरीने त्याला इतक्या जोरात चिमटा काढला की तो कळवळला. आणि मग रडता रडता त्याने उरलेलंही ओकून टाकलं. दुसऱ्या शहरातली बाबांची नोकरी, तिथली शाळा, तिथे पोहायचा तलाव. इथलं घर बघायला रविवारी माणसं येतात, म्हणून आपण बागेत जायचं.

"तुला माहीत होतं?" आत्याने पोरीला विचारलं. पोरगी बुटांकडे बघत राहिली.

माझं डोकं असं सणकलं की कात्री आपटून मी म्हणालो, "केसाने गळा कापला हो तुमचा! आजच्या आज जाब विचारा." ती म्हणाली, "नको. माझा भाऊ आहे तो. आपणहून सांगेल. आठवडाभर थांबते." आणि उजव्या पट्टीवरची काजं उसवायला बसली. काज एकदा कापलं की उसवून काही होत नाही, पट्टीच बदलावी लागते. हे मी तिला सांगायची वेळ आली.

आठवडाभर भाऊ लोण्यासारखा मऊ वागला. ताईला चहा करून दिला, गुडघ्याची विचारपूस केली. सांगितलं मात्र काही नाही. रविवारी सकाळी डबा भरून तयार, पोरं बूट घालून दारात, आणि भावजयीचं तेच, जरा लांबची बाग बघा. आत्या म्हणाली, "आज मी घरीच आहे." नवरा-बायकोचे चेहरे पडले. त्याने विनवलं, तिने विनवलं, शेवटी भावजय जरा चढ्या आवाजातही बोलली. आत्या आपल्या खोलीत पलंगावर जाऊन बसली. पुढचं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, मान खाली घालून, हातातलं काम न थांबवता.

दुपारी एक जोडपं घर बघायला आलं. स्वयंपाकघर झालं, बाहेरची खोली झाली, मग त्या बाईंनी मागच्या खोलीचं दार ढकललं आणि दचकल्या. "अगं बाई, इथे कुणी आहे वाटतं?"

"माझी बहीण आहे," भाऊ म्हणाला. "आलीये दोन दिवस राहायला."

धाकटा मागून ओरडला, "आत्या इथेच राहते!" भावजयीने त्याला दंडाला धरून आत नेलं. पाहुण्या बाई एकदा भावाकडे आणि एकदा आत्याकडे बघू लागल्या. आत्या पोरीकडे बघत होती. पोरगी अजून बूट घालूनच उभी होती. ती पुढे आली, त्या बाईंकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "तो लहान आहे ना, त्याला कळत नाही. आत्या पाहुणी आलीये. परवा जाणार."

बाईंचं समाधान झालं. त्यांनी खिडकी उघडून पाहिली आणि सगळे बाहेर गेले.

मी ऐकून नुसता धुमसत होतो. म्हणालो, "भावाला तर मी..." तिने हातानेच मला थांबवलं.

"भावाचं सोडा हो," ती म्हणाली. "त्या पोरीला बोलायला मी शिकवलं."